दाबायचं पीठ आणि लाटायचं पीठ

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडच्या एका ताईंकडे रोज १४-१५ पोळ्या लागतात. त्या नोकरी करतात, सासूबाईंचा खांदा धरलाय, लाटणं आता त्यांच्याने होत नाही. मुलांना टाको हवे असतात, म्हणजे टॉर्टिया या पातळ मेक्सिकन पोळीत सारण भरून केलेला पदार्थ. म्हणून हाताने दाबायची टॉर्टिया प्रेस, म्हणजे दोन तबकड्यांमध्ये पिठाचा गोळा ठेवून दांड्याने दाबायचं साधन, घ्यावी असं मनात आहे. लोखंडी घ्यावी, लाकडी की स्टीलची, किती इंची घ्यावी, आणि रोजच्या पोळ्याही तिच्यातच होतील ना, असं त्यांनी विचारलंय.

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमचे पैसे कारणी लागणार की माळ्यावर जाणार ते तिथेच ठरतं. पोळ्या होणार नाहीत. दुकानदार "सगळं होतं, बेन, पोळी, पुरी, पराठा" असं म्हणेल, खोक्यावर फुगलेल्या पोळीचा फोटोही असेल, तरी होणार नाहीत. तांदळाची भाकरी, मोदकाची पारी, पुरी, करंजीची पारी, उकडीचे पापड आणि खऱ्या मक्याच्या टॉर्टिया मात्र अशा होतील की लाटणं हातात घ्यावंसं वाटणार नाही.

मी २१ वर्षं गिरगावात घरून ऑर्डरी घेते. उन्हाळ्यात पापड, गणपतीत उकडीचे मोदक, दिवाळीत करंज्या, आणि बाराही महिने भाकऱ्या. घरात आजवर ५ प्रेस आल्या. २ अजून रोज चालतात, एक भंगारात गेली, एक जाऊबाईंनी नेली ती परत आली नाही, आणि एक माळ्यावर आहे. ती माळ्यावरची मी पोळ्यांसाठीच घेतली होती, म्हणून हे इतक्या ठामपणे सांगतेय.

तेव्हा मी मोजून पाहिलं होतं. ५० ग्रॅमची लाटी ८ इंची प्रेसमध्ये ठेवली आणि जोर लावून दाबली. दाबलेली असताना ती ७ इंच पसरली होती. प्रेस उघडून वरचं प्लॅस्टिक सोडवेपर्यंत साडेपाचवर आली. डोळ्यांदेखत आखडत गेली, गोगलगाय शंखात शिरते तशी. कणीक अर्धा तास झाकून ठेवली, कोमट पाण्यात सैल भिजवली, तेल वाढवलं, तेव्हा कुठे ६ इंचांवर थांबली. तव्यावर फुगली, खोटं कशाला बोलू, पण गार झाल्यावर चावून चावून जबडा दुखला.

कारण सोपं आहे. गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळलं गेलं की त्यात ग्लूटेनचं जाळं तयार होतं, आणि ते रबरासारखं ताणलं जाऊन मागे येतं. लाटणं काय करतं बघा. ते पिठाला एकदम दाबत नाही, थोडं थोडं ओढतं, पोळी फिरवतं, पुन्हा ओढतं. पीठ हळूहळू ऐकतं. प्रेस एकाच दणक्यात सांगते, आणि कणकेला दणका चालत नाही. शिवाय आपली पोळी घडीची. तेलाचं बोट फिरवून, पीठ भुरभुरून, घडी घालून जे पदर येतात, ते दाबून कुठून येणार?

मग पुरी कशी होते, ती तर गव्हाचीच? एक तर पुरीची कणीक घट्ट असते, आणि दुसरं म्हणजे पुरी लहान. साडेतीन इंचांची पुरी पाव इंच आखडली तर कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि पुरीला थोडी जाडी हवीच असते. करंजीच्या पारीत मोहन असतं. तुपातेलाने ग्लूटेनचे धागे आखूड राहतात, म्हणून ती पारी दाबली की बऱ्यापैकी तिथेच बसते. मैद्याला मोहन कमी पडलं की करंजीची पारीही पोळीसारखीच वागते. प्रेसवर हे लगेच कळतं, लाटताना कळत नाही.

तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका यांच्यात ग्लूटेन नाही. त्यांना ओढायचं म्हटलं तर ती फाटतात, आणि दाबली की जिथे दाबली तिथेच राहतात. म्हणून तर आपल्याकडे भाकरी थापतात, लाटत नाहीत. मेक्सिकोतही प्रेस यायच्या आधी बायका मक्याच्या टॉर्टिया दोन तळहातांत थापूनच करायच्या. प्रेस म्हणजे त्या थापण्याला आलेलं यंत्र. लाटण्याच्या जागी ती कधीच नव्हती, आणि सगळा घोटाळा आपण तिला लाटण्याच्या जागी बसवतो तिथून सुरू होतो.

आता मुलांच्या टाकोचं. आधी मुलांना नेमकं काय आवडतं ते विचारा. मॉलमध्ये आणि पाकिटातून टॉर्टिया म्हणून जे मऊ, पांढरं मिळतं ते बहुतेक वेळा मैद्याचं असतं. तेच हवं असेल तर प्रेसचा उपयोग नाही, मैद्याची टॉर्टिया लाटूनच करतात. (मोठ्या कारखान्यांत गरम प्रेस असतात. उष्णतेने पीठ दाबलेल्या जागी धरलं जातं. तो आपला विषय नाही.) मक्याची हवी असेल तर पुढचं वाचा.

वाण्याकडचं मक्याचं पीठ आणून कणीक भिजवाल तर ती प्रेसमधून निघताना चारी बाजूंनी फाटेल. मीही पहिल्यांदा तेच केलं आणि प्रेसला दोष दिला. दोष पिठाचा होता. मेक्सिकन पिठाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवलेला असतो. चुन्याने दाण्याचं साल सुटतं, सालीतला चिकट अंश मोकळा होतो, आणि त्यामुळेच ते पीठ मळल्यावर एकसंध राहतं. शिवाय मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला पण चुना नेला नाही, म्हणून केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा आजार झाला. त्या पिठाच्या गोळ्याला तिकडे 'मासा' म्हणतात. "आज माशाच्या पोळ्या आहेत" असं मी घरी जाहीर केलं तेव्हा सासऱ्यांनी ताट पुढे ओढून विचारलं होतं, "कुठला, सुरमई का?"

हे पीठ 'मासा हरीना' नावाने आयात माल ठेवणाऱ्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतं. पण महाग पडतं. घरी करायचं तर पाव किलो वाळलेला मका घ्या. स्वीट कॉर्न चालणार नाही, पॉपकॉर्नचाही नको. स्टीलच्या पातेल्यात पाऊण लिटर पाणी, त्यात खायच्या चुन्याची कोरडी पूड सपाट एक चहाचा चमचा. पानाला लावतात तोच चुना. भिंतीला लावायचा चुकूनही नको, आणि ॲल्युमिनियमचं पातेलंही नको, चुना त्याला खातो. मंद आचेवर ४० मिनिटं शिजवा. दाणा बोटांत चोळल्यावर साल घसरायला लागलं की गॅस बंद करून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी ३-४ पाण्यांतून चोळून धुवा. दाणा आतून थोडा करकरीतच असतो, तो तसाच हवा. मग वाटायचा, पाणी अगदी थेंबाथेंबाने. मिक्सर गरम होतो, म्हणून दर अर्ध्या मिनिटाने थांबायचं. इडलीचा वेट ग्राइंडर असेल तर उत्तम. गोळा मोदकाच्या उकडीइतका मऊ यायला हवा. सैल झालाच तर चमचाभर तांदळाचं पीठ घाला. मेक्सिकन माणूस नाक मुरडेल, मुलांना कळणार नाही.

आता प्रेस कुठली ते.

आकार आधी बघू. ६ इंचीत भाकरी होत नाही, ८ इंचीत पुरी होते. म्हणून घरात एकच ठेवायची असेल तर ८ इंची. १० इंचीच्या मोहात पडू नका. गोळा जितका पसरायचा तितका जोर लागतो, आणि ६ इंचांवरून ८ इंचांवर गेलात की क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट होतं. १० इंची भाकरी हाताच्या प्रेसमध्ये पातळ करायला दांड्यावर बसावं लागेल.

साहित्यात ३-४ प्रकार दिसतील. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, माझी पहिली पसंती. वजनदार असते, ८ इंची सहज ३ किलोच्या आसपास. वरची तबकडी स्वतःच्या वजनानेच निम्मं काम करते. पण बीड ठिसूळ. ओट्यावरून फरशीवर पडली तर चेपत नाही, तुटते, आणि नेमकी बिजागरीशी तुटते. सासूबाईंना ती फडताळातून काढायला लावू नका, तिला ओट्यावर कायमची जागा द्या. ॲल्युमिनियमची हलकी असते, गंजत नाही, पुऱ्या-पाऱ्यांना पुरते, भाकरीला तिचा दांडा वाकतो. लाकडी, चौकोनी, जाड फळ्यांची असेल तर भाकरीला फार छान. तिचा दांडा लांब असतो, त्यामुळे जोर कमी लागतो. तुमच्या घरातला खांद्याचा प्रश्न बघता तिचाही विचार करा. फक्त मुंबईचा पावसाळा तिला मानवत नाही, त्याबद्दल शेवटी सांगते.

राहिली स्टीलची. चकचकीत, पातळ पत्र्याची, सगळ्यात जास्त खपते. भंगारात गेलेली माझी तीच. पत्रा मध्यावर फुगतो, मग पारी मध्ये पातळ आणि कडेला जाड. नेमकं मोदकाला नको ते. गणपतीच्या आदल्या दिवशी, ३०० मोदकांची ऑर्डर अंगावर असताना, तिच्या दांड्याचा रिव्हेट निघून पडला. दुकानदाराने "मॅडम, जास्त दाबलं असेल" म्हणून हात वर केले. प्रेस दाबायची नाही तर काय करायची? त्या रात्री जाऊबाई आणि मी पहाटे ४ पर्यंत हातानेच पाऱ्या करत होतो. स्टील घ्यायचंच असेल तर जाड, ओतीव तबकडीचं घ्या. उचलल्यावर हाताला जड लागलं पाहिजे.

दुकानात परीक्षा कशी घ्यायची? वर्तमानपत्राच्या ४ पट्ट्या कापून न्या, बोटभर रुंद. प्रेस उघडून चार दिशांना एकेक ठेवा, बंद करा, दांडा हलकेच दाबा, आणि एकेक पट्टी ओढून बघा. चारी सारख्या घट्ट असाव्यात. बिजागरीकडची घट्ट आणि दांड्याकडची सुळकन निघाली तर तबकड्या समांतर नाहीत, पारी एका बाजूला जाड येणार. फ्रिजच्या दाराचं रबर तपासायला हीच युक्ती करतात. दुसरं, वरची तबकडी हाताने वरखाली हलवून बघा. बिजागरीत किंचित सैलपणा असतो, तो चांगला, त्यामुळे वरची तबकडी गोळ्यावर सपाट बसते. पण डावी-उजवीकडे लटपटत असेल तर ठेवून द्या. तिसरं, दांडा. तो पोकळ पत्र्याचा असेल तर पुढचं बघूच नका.

आणि खरी परीक्षा म्हणजे पीठ. मी पिशवीत उकडीचा गोळा आणि कापलेली दुधाची पिशवी घेऊनच जाते. पहिल्यांदा दुकानदार हसतो, दुसऱ्यांदा स्वतःच प्रेस पुसून पुढे करतो. मुलुंडहून येणार असाल तर मशीद बंदरला उतरून चालत पायधुणीच्या तांबाकाट्याकडे या, तिथून भुलेश्वर. भांड्यांची दुकानं लागून लागून आहेत, त्यामुळे दोन-तीन प्रेस एकाच दुपारी दाबून बघता येतात. दादरला स्टेशनजवळही मिळतात, पण तिथल्या गर्दीत ४ पट्ट्यांची परीक्षा घेत उभं राहायला जागा नसते. ऑनलाइन मागवलीत तर परतीची मुदत संपायच्या आत पट्ट्या आणि पीठ दोन्ही करून बघा, खोकं फेकू नका.

आता वापरायची कशी. निम्म्या तक्रारी इथल्याच असतात.

प्रेसवर गोळा थेट कधीच ठेवायचा नाही. मध्ये प्लॅस्टिक हवं, आणि त्याला दुधाच्या पिशवीसारखं दुसरं काही नाही. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, पातळ पिशव्या गेल्या, दुधाची जाड पिशवी राहिली. अर्ध्या लिटरची पिशवी ६ इंची प्रेसला जेमतेम पुरते, ८ इंचीला लिटरची घ्या. तीन बाजूंनी कापून वहीसारखी उघडायची. आधी गार पाण्याने धुवा, मग साबणाने. आधीच गरम पाणी ओतलं की दूध चिकटतं आणि वास राहतो. दुधाची बाजू पिठाकडे, छपाईची बाजू बाहेर. तेलाचं बोट पहिल्या गोळ्याला, मग दर ४-५ गोळ्यांनी. जास्त तेल लावलं तर गोळा दाबताना सरकतो आणि पारी अंड्यासारखी लांबट येते.

प्रेसखाली ओलं फडकं चारपदरी करून ठेवा, नाहीतर कडप्प्याच्या ओट्यावर ती सरकते. गोळा अगदी मध्यावर ठेवू नका, बिजागरीकडे बोटभर सरकवा. प्रेस बिजागरीकडून आधी मिटते आणि पीठ दांड्याकडे ढकलते. मध्यावर ठेवलेला गोळा पुढच्या कडेबाहेर डोकावतो. वरची तबकडी हाताने टेकवून गोळा थोडा चपटा होऊ द्या, मग दांडा फिरवून दाबा. दाबताना कोपर सरळ, अंगाचा भार हळूच पुढे. खांद्याने धक्का द्यायचा नाही. प्रेसलाही खांदा लागतो हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. सासूबाईंनी उभ्याने, अंगभाराने दाबलं तरच त्यांना झेपेल. खाली पाटावर बसून दाबायला गेल्या तर लाटण्यापेक्षा जास्त दुखेल.

एकदा दाबलं की उघडा, प्लॅस्टिकसकट गोल अर्धा फिरवा आणि दुसऱ्यांदा हलकेच दाबा. पहिल्या दाबात बिजागरीकडची बाजू पातळ झालेली असते, दुसऱ्यात दोन्ही बाजू सारख्या होतात. तिसऱ्यांदा दाबायचा मोह होतो, तो आवरा. अति पातळ झालं की प्लॅस्टिकवरून सुटताना फाटतं.

सोडवायची रीत अशी: वरचं प्लॅस्टिक आधी काढा. मग पारी तळहातावर पालथी घ्या आणि दुसरं प्लॅस्टिक वरून सोलत न्या. प्लॅस्टिक पिठावरून सोलायचं, पीठ प्लॅस्टिकवरून ओढायचं नाही. एवढ्या एका गोष्टीने निम्मी फाटाफूट थांबते.

पिठाची खूण प्रेस स्वतःच सांगते. कडेला चिरा पडल्या तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात घेऊन पुन्हा मळा. प्लॅस्टिकला चिकटून राहिलं तर ओलं झालंय, १० मिनिटं उघडं ठेवा किंवा चिमूटभर सुकं पीठ मळून घ्या.

वजनं मी काट्यावर करते, तुम्हीही सुरुवातीला करा. ६ इंची टॉर्टियाला ३० ते ३५ ग्रॅम, ८ इंची भाकरीला १०० ग्रॅमचा उंडा, मोदकाच्या ४ इंची पारीला २५ ग्रॅम, पुरीला १५ ग्रॅम. आठवड्याभरात हाताला अंदाज येतो.

तांदळाच्या भाकरीची उकड एकास एक: वाटीभर पाणी मीठ घालून खळखळून उकळायचं, वाटीभर पीठ घालून गॅस बंद करायचा, उलथन्याच्या दांड्याने ढवळून झाकायचं. १० मिनिटांनी परातीत काढून, हाताला सोसवेल तितकं गरम असतानाच मळायचं. उकळत्या पाण्याने तांदळाचं स्टार्च फुलतं आणि चिकटपणा येतो, ग्लूटेनचं काम तेच करतं. अशा उकडीची प्रेसची भाकरी टम्म फुगते, कारण जाडी सगळीकडे सारखी असते. आमच्या सासूबाई, पक्क्या मालवणच्या, वर्षभर त्या भाकरीला "छापील भाकरी" म्हणायच्या. आता त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याच छापतात.

ज्वारीचं जरा वेगळं. पीठ ताजं हवं. महिन्याभराचं, विरी गेलेलं पीठ हातालाही दाद देत नाही आणि प्रेसलाही. त्यालाही गरम पाणी घालून तळहाताने रगडून मळा. दाबल्यावर कड थोडी फाटलीच तर ओल्या बोटाने फिरवून घ्या. बाजरीचंही तसंच, नाचणीची मात्र उकडच काढा.

मोदकाबद्दल माझं मत लोकांना पटत नाही, तरी सांगते. प्रेस पारी सगळीकडे सारखी करते, पण मोदकाची पारी सगळीकडे सारखी नको. बुडाला जाड आणि कडेला पातळ हवी, म्हणजे कळ्या नाजूक येतात आणि सारण खालून फुटत नाही. म्हणून मी प्रेसने पारी पाऊणच दाबते, साधारण ३ मिलिमीटर, आणि मग तेलाच्या बोटांनी फक्त कड पातळ करत गोल फिरवते. हाताने अख्खी पारी करण्यापेक्षा निम्म्याहून कमी वेळ लागतो. पूर्ण दाबून, तशीच उचलून मोदक केलेत तर कळ्या जाड राहतात आणि शेंडीला पिठाचा गोळा जमतो. बाजारातले पुष्कळ मोदक असेच असतात, खाताना शेंडी कच्ची लागते. साच्यातल्या मोदकांबद्दल मी काही बोलत नाही.

पापडात उकडीचे तांदळाचे, पोह्यांचे आणि साबुदाणा-बटाट्याचे प्रेसमध्ये फार सुरेख होतात. उडदाचे नाहीत, ते पीठ इतकं चिवट की लाटायलाच हवेत. साबुदाणा-बटाट्यात साबुदाण्याचा एकही अख्खा कण राहू देऊ नका, तिथेच भोक पडतं.

काय करू नये: पुरणपोळी नको, पुरण कडेने बाहेर येतं. थालीपीठ नको. कांद्याचा तुकडा तबकडीला अडतो आणि बाकीचं जाड राहतं, शिवाय ओल्या फडक्यावर थापून बोटाने भोकं पाडण्यात जी खमंग कड मिळते ती प्रेसमध्ये कुठली?

मक्याची टॉर्टिया भाजताना तवा आधी चांगला तापवा. टाकली की २० सेकंदांत कड सुटते, उलटा. दुसरी बाजू मिनिटभर, डाग पडेपर्यंत. पुन्हा उलटली की फुगायला लागते. नाही फुगली तर फडक्याने मध्यावर हलकेच दाबा. मग लगेच सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. उतरल्या उतरल्या ती कडक वाटते, १० मिनिटं वाफेत राहिली की मऊ होते. पहिल्यांदा करणारे नेमके उतरल्यावर चाखतात आणि निराश होतात.

विजेच्या रोटी मेकरचंही बघून ठेवलं असेल तुम्ही. त्याच्या तबकड्या गरम असतात, म्हणून गव्हाची कणीक तिथे थोडी तरी धरली जाते. पण कणीक फार सैल भिजवावी लागते, दाब द्यायचा क्षण चुकला की पोळी फाटते, आणि डब्यात नेलेली पोळी दुपारी पापडासारखी होते. गरमगरम ताटात वाढायची असेल तर ठीक. तुमच्या १४-१५ पोळ्या बहुतेक डब्यांसाठीच असणार, तेव्हा मी नको म्हणेन. त्यापेक्षा कणीक रात्रीच भिजवून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी अर्धा तास आधी बाहेर काढा. मुरलेली कणीक निम्म्या जोरात लाटली जाते. किंवा आठवड्यातले ३ दिवस भाकरी करा. प्रेस घरात आली की भाकरी पोळीपेक्षा सोपी पडते, हे मी माझ्या घरात पाहिलंय.

पावसाळ्याचं राहिलं. बिडाची प्रेस धुवायची गरज नसते, कारण पीठ तिला लागतच नाही. ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडी करा, आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तेलाचं बोट फिरवा. बिजागरीच्या पिनेलाही थेंबभर. गंज चढलाच तर नारळाच्या काथ्याने घासून, गॅसवर कोमट करून तेल लावा. लाकडी प्रेस मिटून ठेवू नका, मध्ये लाटणं अडकवून उघडी ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते. लाकूड फुगून तबकड्या वाकड्या झाल्या असतील तर पट्ट्यांची परीक्षा पुन्हा घ्या. एका बाजूला फट पडली तर त्या बाजूला वर्तमानपत्राची घडी प्लॅस्टिकखाली सरकवून माझं अख्खं आश्विन-कार्तिक निघतं.

आणि दुकानात न्यायचा उकडीचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात बंद करून न्या. मुलुंड ते मशीद बंदर गाडीत तो सुकला तर चांगली प्रेसही नापास व्हायची.